चाकामागची चकती

आमच्या वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत एक पांदण जाते. दोन्ही बाजूंना कपाशीचे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, कुठं बोरी, कुठं हिवर, आणि मधे काळ्या मातीची वाट. याच वाटेवरून मी लग्न होऊन या गावात आले. आले म्हणण्यापेक्षा पडले म्हणावं लागेल, पण ते पुढं येईलच. आधी सुनेच्या गाडीचं सांगते.

सुवर्णा माझी सून, माहेर आमच्याच भागातल्या मुधोळचं. तिच्या भावानं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी पांढरी गाडी बहिणीला देऊन टाकली. माझा मुलगा भूषण आदिलाबादला जिनिंगमध्ये कामाला आहे. कापसाच्या दिवसांत तो तिकडंच मुक्कामी असतो. गाडी अंगणात झाकून ठेवू, सणासुदीला काढू, असं त्याचं म्हणणं. पण सुवर्णा लग्नाआधीच भावाच्या शेजारी बसून गाडी शिकलेली होती, आणि इतक्या वर्षांत विसरलेली नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं गाडी अंगणातून मागं घेऊन लिंबाला न लागू देता वळवली, तेव्हा मी हातातलं सूप खाली ठेवून बघत राहिले.

तिच्या मनात काय होतं ते तिनं चार दिवसांनी सांगितलं. आमच्या वस्तीतल्या चार मुली आदिलाबादला इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, जायच्या. बस डांबरीवर थांबते, तिथून घरापर्यंत पांदण तुडवायची. पावसाळ्यात चिखल, आणि दिवाळीनंतर दिवस लहान झाला की परत येताना अंधार. त्यात एका संध्याकाळी रानडुकरांचा कळप पांदणीत आडवा आला. मुली पळाल्या, एकीचा पाय मुरगळला. त्यानंतर दोघींच्या घरी दप्तर खुंटीला लागलं. उरली अमरदीप सरांची प्रियदर्शनी, जिला तिचे वडील आपली शाळा सुटल्यावर मोटरसायकलनं आणायला जायचे, आणि धोंडीबा भाऊजींची नात मीनल, जिचं कॉलेजला जाणं रोज उद्यावर चाललं होतं.

सुवर्णाचं म्हणणं सरळ होतं. सकाळी मी मुलींना कॉलेजात सोडीन, तिकडं भाजी विकीन, येताना घेऊन येईन. गाडी नुसती उभी ठेवून तिला गंज खाऊ द्यायचा काय.

धोंडीबा भाऊजी माझे चुलत दीर. वस्तीत आता सगळ्यांत वडील तेच, आणि त्यांचा शब्द चालतो. मुलींच्या घरच्यांनी त्यांच्याकडं बोट दाखवलं, आणि भाऊजींनी पांदणीकडं.

“गाडीचं मी काई म्हनत नाई,” ते म्हणाले. “पन हे पांदन मानसाले चालू देत नाई, तिथं तुहं हे चिमनं कुठं चालते वं?”

ते खोटं नव्हतं. आमच्या पांदणीची गोष्ट बाहेरच्या माणसाला लवकर कळत नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टरची ट्रॉली चिखलात रुतत जाते आणि दसऱ्यानंतर ऊन पडलं की ती चाकोरी जशीच्या तशी वाळते. काळी माती वाळली की विटेपेक्षा कठीण. मग पुढचा पाऊस पडेपर्यंत त्याच चाकोरीत चाक घालून जायचं. ज्याचं चाक बसतं तो सुखात. ज्याचं बसत नाही त्याची गाडी एका अंगानं खाली, एका अंगानं वर, आणि मधला उंचवटा पोटाला घासतो. सुवर्णाची गाडी ट्रॉलीपेक्षा अरुंद. डावं चाक चाकोरीत घातलं की उजवं उंचवट्याच्या कडेवर चढायचं आणि तिथून सटकन खाली घसरायचं. पहिल्या आठवड्यात तिनं दोनदा गाडीचं चेंबर आपटवलं. एकदा तर तेल गळलं, आणि ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी बाहेर काढावी लागली. ट्रॅक्टर अर्थातच भाऊजींचा. चाकोरीही त्यांच्याच ट्रॉलीची. पण हे त्यांना तोंडावर कोण म्हणणार?

माझ्या तरुणपणी ही पांदण अशी नव्हती. कापसाच्या गाड्या आदिलाबादच्या बाजारात निघायच्या आधी ज्यानं त्यानं आपापल्या धुऱ्यापुढची चाकोरी भरायची, अशी रीत होती. घरोघरी जळणाच्या पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे ढीग असायचे. त्यातल्या काढून चाकोरीत आडव्या टाकायच्या, वर मुरूम, आणि वरून रिकाम्या गाड्या फिरवायच्या. आम्ही बाया टोपल्यांनी मुरूम वाहायचो. दुपारी सगळ्यांच्या भाकरी एका ठिकाणी सुटायच्या, आणि कोणाची भाजी सपक आहे हे त्या दिवशी साऱ्या वस्तीला कळायचं. पांदण भरली की पहिली गाडी कोणाची जाणार यावरून दरवर्षी थोडं भांडण व्हायचं, तेही मला आता गोड वाटतं.

ट्रॅक्टर आले आणि ते बंद पडलं. ट्रॅक्टरला खड्डा काय नि टेकाड काय. पुढं पांदण डांबरी होणार असं मंडळ ऑफिसातून, म्हणजे तालुक्याच्या कचेरीतून, ऐकू आलं. मोजणी झाली, खुणेचे दगड रोवले गेले, आणि मग तर कोणी हातच लावेना. आपल्या धुऱ्यापुढं माती टाकली तर शेजाऱ्याला वाटायचं, हा रस्ता माझ्या अंगावर ढकलून राह्यला. आणि भरून चांगली केली तर डांबराचा नंबर मागं जाईल, ही दुसरी भीती. खुणेचे दगड आता गवतात शोधावे लागतात.

सुवर्णानं या भानगडीत डोकं घातलं नाही. तिनं एक सुतळी घेतली. ट्रॉलीच्या दोन चाकोऱ्यांमधलं अंतर धरून एक गाठ मारली, गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर धरून दुसरी. दोन गाठींमध्ये चार बोटांचा फरक निघाला. ती सुतळी पदराला बांधून ती आदिलाबादजवळच्या मावल्याच्या एका मेकॅनिककडं गेली. संतोष त्याचं नाव, मराठीच पोरगा, हात काळे आणि बोलणं मोकळं.

संध्याकाळी चहा पिताना तिनं मला सगळं सांगितलं. चाक आणि चाकाची बैठक यांच्या मधे बसवायची एक जाड चकती मिळते. तिला स्पेसर म्हणतात. ती बसवली की चाक तेवढं बाहेर येतं. दोन्ही बाजूंना बसवली की गाडी रुंद होते. संतोष हसून तिला म्हणाला होता, “ताई, पोरं हे शौकासाठी लावतात, चाक बाहेर दिसलं पायजे म्हनून. पांदनीसाठी मांगनाऱ्या तुमीच पयल्या.”

दोन बोटं जाडीच्या चकतीला तिचे स्वतःचे बोल्ट असतात, आणि ती हैदराबादहून मागवावी लागणार होती. संतोषकडं होती ती बोटभर जाडीची. ती गाडीच्या जुन्याच बोल्टांवर चढते. म्हणजे चाक बोटभर बाहेर येतं, पण बोल्ट तेवढेच राहतात, आणि नटाला धरायला आटे कमी उरतात. थोडी गाडी फिरवून नट पुन्हा आवळा, असं त्यानं तिला बजावलं होतं. आणखी एक गोष्ट बजावली होती, ती तिनं मला तेव्हा सांगितली नाही. जाड चकत्या येईपर्यंत गाडी भरून नेऊ नका, असं तो म्हणाला होता.

आटे कमी उरतात हे मला खटकलं. पण मी बोलले नाही, कारण तिचा चेहरा खूप दिवसांनी असा उजळ दिसत होता.

जाड चकत्यांची वाट बघायला वेळ असता तर बरं झालं असतं. पण भाऊजींनी अट घातली होती. येत्या बाजाराच्या दिवशी ते स्वतः गाडीत बसणार, पोरींना बसवणार, डांबरीपर्यंत जाऊन परत येणार. गाडी नीट गेली तर मीनल कॉलेजात, आणि तिच्या मागं बाकीच्या दोघीही. नाही तर मीनल वांकिडीला मावशीच्या दुकानावर. मावशीनं तिला कामाला मागितलेलंच होतं. मीनल आमच्या ओट्यावर बसून सुवर्णाला म्हणाली होती, “काकू, मी तिकडं गेली की मंग कोनी मले परत आननार नाई.” तिनं हे रडत सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. ती शेंगा सोलत सांगत होती.

तेव्हा सुवर्णानं बोटभर चकत्यांवरच भागवायचं ठरवलं. बसवून आणल्यावर ती एकटीच पांदणीतून दोन खेपा करून आली. चाकं चाकोरीच्या आतल्या काठाला लागून का होईना, पण खाली बसून गेली. गाडी कलंडली नाही, चेंबर टेकलं नाही. अंगणात येऊन तिनं पाना लावून सगळे नट पुन्हा आवळले. मग माझ्याजवळ बसून म्हणाली, “आई, बसली वो गाडी चाकोरीत.” तिला वाटलं झालं आता.

बाजाराच्या दिवशी सकाळी भाऊजी धुतलेलं धोतर नेसून आले. मी पण बसणार म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं वरून खाली पाहिलं.

“वयनी, तुमी काऊन? गाडीले वजन कमी पडून राह्यलं काय?”

“तुमी हाकत नाई ना भाऊजी, म्हनून बसतो,” मी म्हणाले. “तुमी हाकत असते तर पायीच गेली असती.”

ओट्यावरची सगळी माणसं हसली. भाऊजीही हसले. या थट्टेला आमच्या वस्तीत साठ वर्षं होत आली, आणि ती समजायला माझ्या लग्नाचं सांगायला हवं.

माझं माहेर पैनगंगेच्या पलीकडं. लग्न तिकडं लागलं. वऱ्हाड परत निघालं तेव्हा सासरच्या गाडीचा आख नदीच्या गोट्यांत मोडला, म्हणून माझ्या वडिलांनी आपली दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, दिली. टप घातलेली, हलकी, आमच्या गावच्या सुतारानं बनवलेली. हाकायला धोंडीबा भाऊजी. तेव्हा त्यांना नुकती मिसरूड फुटत होती, आणि नवरीची गाडी आपल्याकडं आली म्हणून मान ताठ. नदी ओलांडली, रस्ता संपला आणि ही पांदण लागली तेव्हा कळलं की नदीपलीकडच्या सुताराचा आख आखूड असतो. माहेरची दमणी सासरच्या चाकोरीत बसेना. एक चाक खाली, एक वर. मी आणि माझ्याबरोबर आलेली पाठराखीण एका बाजूला घरंगळत जायचो, बाशिंग टपाला आपटायचं.

भाऊजींनी डोकं चालवलं. पांदणीच्या रस्त्याकडच्या तोंडाशी तेव्हा एका लोहाराचं पाल होतं. त्याच्याकडून त्यांनी लोखंडाच्या जाड चकत्या मागून आणल्या, चाकं काढली, आखावर आधी चकत्या सरकवल्या आणि मग चाकं चढवली. चाकं बाहेर आली. दमणी चाकोरीत बरोबर बसली. सगळ्यांनी वाहवा केली. फक्त चाक बाहेर गेल्यामुळं आखाचं टोक आखूड पडलं, आणि चाक निसटू नये म्हणून आखाला जी खीळ घालतात ती जेमतेम अर्धी बसली.

थोडं अंतर गेल्यावर आवाज यायला लागला. टक, टक. थांबून टक. मला आत बसून ऐकू येत होता, म्हणजे भाऊजींना तर येतच असणार. पण पुढं वाजंत्री, मागं वऱ्हाड, वस्तीच्या तोंडाशी साऱ्या बाया आरती घेऊन उभ्या. थांबायचं कसं? तेव्हा दीर म्हणून ते मला अनोळखी, आणि मी नवरी. मी तोंड उघडलं नाही. मोठ्या बोरीपाशी चाक निसटलं, दमणी बसली, आणि मी हिरव्या शालूसकट चाकोरीत. सासूबाई आरतीचं ताट हातात घेऊन धावत आल्या आणि मला उठवत म्हणाल्या, “लक्षुमी आली अन् लोळत आली माय.” त्या दिवसापासून वस्तीनं भाऊजींचं नाव चाकपाड्या ठेवलं. लहान मुलंसुद्धा म्हणायची. भाऊजींनी कधी राग मानला नाही. उलट दर लग्नात कोणी ना कोणी विचारायचं, की खीळ पाहिली काय धोंडीबा, आणि ते म्हणायचे, तुह्या डोक्याची पाह्य आधी.

तर त्या सकाळी भाऊजी पुढं सुवर्णाच्या शेजारी बसले. मागं मी, मीनल आणि प्रियदर्शनी. माझ्या मांडीवर मीनलचं दप्तर. वस्तीतले चारदोन लोक पांदणीच्या तोंडापर्यंत चालत आले आणि तिथंच उभे राहिले. खुंटीला दप्तर लागलेल्या दोघींचे बाप त्यात होते.

जाताना गाडी चाकोरीत उतरली आणि मागून आवाज आला. खर्र. खड्डा आला की खर्र. सुवर्णानं मान न वळवता सांगितलं, की चाक बाहेर आलंय, आम्ही मागं तिघी बसल्यामुळं गाडी खाली दबली आहे, टायर मडगार्डाला घासतो आहे. भाऊजी हूं म्हणाले. एकदोनदा खिडकीतून वाकून त्यांनी मागच्या चाकाकडं पाहायचा प्रयत्न केला. पण गाडी कलंडली नाही. डांबरीवर पोचलो तेव्हा प्रियदर्शनीनं मीनलचा हात दाबला, आणि भाऊजी म्हणाले, “आलं ना मंग चिमनं.” सुवर्णानं फक्त मान डोलावली. पण आरशात मला तिचे डोळे दिसले.

गाडी वळवून आम्ही परत पांदणीत उतरलो. घासण्याचा आवाज होताच. त्याची कानाला सवय झाली होती. आणि त्या आवाजाच्या खाली मला दुसरा आवाज ऐकू आला.

टक. मग काही नाही. मग टक.

माझं वय झालं आहे. कान आता पूर्वीसारखे नाहीत, घरात कोणी हाक मारली तर दुसऱ्यांदा ऐकू येते. पण हा आवाज मी कसा विसरेन? माझ्या पायांना आधी कळलं. दोन्ही पाय आपोआप पुढच्या सीटला टेकले. मी भाऊजींच्या मानेकडं पाहिलं. ती मान ताठ झाली होती. त्यांनीही ऐकलं होतं, आणि आता ते समोर बघत नव्हते, सुवर्णाच्या हातांकडं बघत होते.

मी बोलणार होते. थांब म्हणायला तोंड उघडलंही. पण समोर पांदणीच्या तोंडाशी माणसं उभी दिसत होती, इतकी जवळ की कोणाच्या अंगात कोणता सदरा आहे ते कळावं. तिला एवढंच अंतर काढायचं होतं. तिथं पोचलं की मीनल कॉलेजात. मी थांब म्हटलं आणि तो म्हाताऱ्या बाईचा भ्रम निघाला तर? आणि नाही म्हटलं तर? माझा शब्द ओठात होता तोवर गाडी थांबली.

मोठ्या बोरीपाशी नाही, तिच्या थोडी अलीकडं. सुवर्णानं गाडी बंद केली, हात स्टिअरिंगवरून काढले आणि पदरानं पुसले. मग भाऊजींकडं बघून म्हणाली, “मामाजी, उतरा. पोरींनो, तुमीबी उतरा. चाक पाह्यलं पायजे.”

समोरच्या माणसांपैकी कोणीतरी ओरडून विचारलं, काय झालं, रुतली काय.  सुवर्णानं मागून पाना काढला आणि उजव्या मागच्या चाकापाशी धुळीत बसली. पाना लावला तर तो फिरला. जोर न लावता फिरला. एक नट हातानंच निघून तिच्या तळहातावर आला. दुसराही सैल. तिनं तो नट भाऊजींच्या हातात दिला, आणि तेव्हा तिनं ती दुसरी गोष्ट सांगितली, जी मलाही सांगितली नव्हती.

“मेकॅनिक म्हने भरून नेऊ नका. मी भरून आनली,” ती म्हणाली. “जाड चकत्या येईपर्यंत थांबा लागत होतं. पन तुमी आजचाच दिवस देला होता. चूक माही आहे. आता पोरी इथून पायी जातील, गाडी मी रिकामी आनतो.”

एवढं बोलून ती पुन्हा नट आवळायला बसली.  मीनल दप्तर छातीशी धरून उभी. समोरची माणसं चालत जवळ आली. एकानं चाकाकडं पाहिलं, चकतीकडं पाहिलं आणि म्हणाला, अशानं तर पोरी मारून टाकशीन. दुसरा चाकापाशी वाकला आणि मान हलवत मागं सरकला.

भाऊजी नट बोटांत फिरवत होते. आतले आटे नखानं चाचपत होते. मग ते बोरीकडं बघत राहिले. बोर तीच आहे, फक्त एका बाजूची फांदी वाऱ्यानं मोडली आहे.

“हा आवाज मी वळखतो,” ते म्हणाले. “वयनीबी वळखतात. त्या दिवशी आरती घेऊन बाया उभ्या होत्या, म्हनून मी बैल हानलेच.” मग त्यांनी सुवर्णाकडं बोट केलं. “आज तुमी उभे होते, तरी हे थांबली.”

 चाकपाड्या हे नाव साठ वर्षं चालत आलं होतं, पण त्यामागं भाऊजींच्या मनात अशी बोच असेल हे कोणाच्या मनात आलं नव्हतं. मलाही नाही. मी त्याकडं नेहमी थट्टा म्हणूनच पाहिलं.

भाऊजींनी नट परत दिला. “मीनल हिच्याच गाडीत जाईन. ज्याले चाक निघाच्या आधी आयकू येते, त्याच्याच गाडीत पोरी बसवाव्या. पन ह्या चकत्या काढ वं बाई. जाडबी नोको, पातळबी नोको.”

“मंग चाकोरीत बसन कशी?” सुवर्णा म्हणाली. “पांदन तर हेच आहे.”

मी तोवर गाडीला टेकून उभी होते. आणि मला हसू यायला लागलं. कारण माझ्या लग्नाची दमणी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी काय केलं होतं, ते मला इतक्या वर्षांनी लख्ख आठवलं. माहेरची दमणी परत पोचवायची होती. सासऱ्यांनी तिच्या आखाला हात लावू दिला नाही. परक्याची गाडी आहे, म्हणाले, तिच्या चाकांची ओढाताण करायची नाही. आणि साऱ्या वस्तीला पऱ्हाट्या काढायला लावल्या. कापसाचे दिवस नव्हते, तरी पांदण भरली. नवी नवरी म्हणून मला कोणी टोपली उचलू दिली नाही. मी धुऱ्यावर बसून बघत होते, आणि पहिल्यांदा मला या गावाची माणसं बरी वाटली.

“भाऊजी,” मी म्हणाले, “मामंजींनी चाक नव्हतं बदललं. वाट बदलली होती.”

 आठवायला त्यांना थोडा वेळ लागला. मग म्हणाले, “पऱ्हाट्या मीच वाह्यल्या होत्या तवा. शिक्षा म्हनून. पाठ सोलली होती माही.”

डांबरी रस्ता येणार आहे, आता भरला तर मागं पडेल, असं एकजण म्हणालाच. भाऊजींनी त्याला विचारलं की खुणेचा दगड कुठं आहे ते दाखव. त्याला गवतात सापडला नाही.

त्या दिवशी आम्ही सगळे पायीच घरी आलो. सुवर्णा मागून रिकामी गाडी हळूहळू घेऊन आली, आणि तिच्या पुढं मीनल चालत होती, खड्डा आला की हातानं दाखवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी आपल्या जळणाचा ढीग मोडला. घरात गॅस येऊन किती वर्षं झाली, पण पऱ्हाट्या रचून ठेवायची सवय आमच्यापैकी कोणाचीच गेलेली नाही. त्यांनी ट्रॉलीत पऱ्हाट्या भरल्या आणि आपल्या धुऱ्यापुढं नव्हे, अगदी वस्तीच्या तोंडापासून टाकायला सुरुवात केली. चाकोरी माही आहे, भरतो मी, एवढंच म्हणाले. ते बघून अमरदीप सर शाळेला जायच्या आधी फावडं घेऊन आले. मग ज्यांच्या मुलींची दप्तरं खुंटीला होती त्यातला एक आला, जो मान हलवत मागं सरकला होता तो. दुसरा दुपारी आला, आणि आल्या आल्या पऱ्हाट्या आडव्या नाही तिरप्या टाका म्हणून भांडायला लागला, म्हणजे त्याचंही मन आलं होतं. मुरूम भूषणनं आदिलाबादहून पाठवला. बायांच्या भाकरी एका ठिकाणी सुटल्या. सुवर्णाची वांग्याची भाजी तिखट झाली होती, हे आता साऱ्या वस्तीला माहीत आहे.

संतोषनं चकत्या काढून दिल्या. चाकं आपल्या जागी गेली. काढलेल्या चार चकत्या सुवर्णानं घरी आणल्या. ॲल्युमिनियमच्या, चांगल्या गुळगुळीत. एकीवर मी लोणच्याची बरणी ठेवते, एक फाटकाला वाऱ्यानं आपटू नये म्हणून अडकवली आहे. दोन भाऊजींनी मागून नेल्या. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, पाह्यतो, आहेत त्या असू द्या.

आता चारही मुली जातात. सकाळी गाडी निघायच्या आधी सुवर्णा पाना काढते आणि एकेक नट बघते. आता त्याची गरज नाही, पण तिनं ते सोडलेलं नाही. मुलींनी आपापसात पाळ्या लावून घेतल्या आहेत. मीनलची पाळी असली की ती पाना लावून त्यावर एक पाय देऊन उभी राहते, पाठीवर दप्तर, हात गाडीच्या टपावर, आणि जोर देते. भाऊजी आपल्या ओट्यावरून बघत असतात. “आनखी,” म्हणतात. ती आणखी जोर देते.

गाडी गेली की थोड्या वेळानं भाऊजींचा ट्रॅक्टर पांदणीत उतरतो. भरलेली चाकोरी पुन्हा फुटू नये म्हणून ते एक चाक भरावाच्या बाहेर, धुऱ्याच्या कडेनं घालतात. एक चाक खाली, एक वर. सगळा ट्रॅक्टर एका अंगाला कलंडलेला, आणि भाऊजी दुसऱ्या अंगाला झुकून बसलेले. मी ओट्यावरून त्यांना विचारते, खीळ पाहिली काय. आवाजात त्यांना ऐकू येत नाही, पण मी काय विचारते ते त्यांना माहीत असतं. ते मान न वळवता हात वर करतात.